आवृत्ती ५१२०८

१

उज्वलाताई साळुंख्यांची सकाळ घड्याळाला लाजवेल अशी होती. साडेसहाला चहा, मग गुडघ्याचे व्यायाम, मग देवाला दिवा, आणि सात वाजता गॅलरी. कोपरखैरण्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गॅलरीला काचा लावून एक इवलीशी खोली केलेली होती. एक खुर्ची, एक टेबल, मुलीने दिलेला जुना कॉम्प्युटर आणि भिंतीवर कॅलेंडर. खोलीतून बाहेर पडलं की एक चिंचोळा बोळ, बोळाच्या टोकाला वळण, आणि वळणापलीकडे स्वयंपाकघर. एवढंच घर. पण त्या गॅलरीत बसून ताई पन्नास-साठ गावांचा कारभार पाहत.

कारभार म्हणजे 'खाडीकोशा'चा. कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं असा हा इंटरनेटवरचा कोश. मोऱ्याच्या धक्क्यापासून नावड्यापर्यंतच्या गावांची माहिती त्यात असते : कोणतं मिठागर कुणी बांधलं, कुठल्या तळ्यात काय सापडलं, कोणत्या देवीची जत्रा कधी. आता कुणीही लिहावं म्हटलं की भांडण आलंच. एक लिहितो, दुसरा पुसतो, पहिला ते परत आणतो. पूर्वीचा मजकूर असा परत आणण्याला कोशात 'उलटवणं' म्हणतात. दोघं उलटवाउलटवी करत बसले की मध्ये पडायचं, कुणाचं खरं ते ठरवायचं, वेळ आली तर पानाला कुलूप लावायचं, हे काम प्रचालकाचं. कोशाला प्रचालक दोनच. एक शिवरामकाका, ज्यांनी कोश सुरू केला; ते डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे दोन महिने रजेवर होते. दुसऱ्या उज्वलाताई.

पावण्याच्या एका औषध कारखान्यात ताईंनी तीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळला होता. "कागद दाखवा" हे त्यांचं आवडतं वाक्य. दोन वर्षांपूर्वी निवृत्ती आणि गुडघ्याचं ऑपरेशन एकाच महिन्यात आलं, तेव्हा आता आपला कुणाला काही उपयोग नाही म्हणून त्या रोज भिंतीकडे तोंड करून पडायच्या. त्या दिवसांतून या कोशाने त्यांना बाहेर काढलं होतं. सकाळी काचा सरकवून खुर्चीत बसताना त्या न चुकता कॉम्प्युटरला हात जोडत. नवरा हसे. हसू दे बापडा.

कोशात एक फार गोड सोय आहे. कुणाचा बदल आवडला तर त्यापुढचं 'आभार' हे बटण दाबायचं, की त्या माणसाला चिठ्ठी जाते. ताईंना अशा चिठ्ठ्या फार आवडत. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारीही एक चिठ्ठी आली होती :

'पुतळा यांनी "खारकोंडची मधली वाट" या पानावरील तुमच्या बदलाबद्दल आभार मानले.'

ताई खूश झाल्या आणि मग थबकल्या. खारकोंडच्या त्या पानाला त्यांनी आयुष्यात कधी हात लावलेला नव्हता. त्यांनी चिठ्ठीवर टिचकी मारली. समोर आलं : 'आवृत्ती ५१२०८ अस्तित्वात नाही.'

कोशातल्या प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो, ओळीने, बँकेतल्या टोकनसारखा. त्या सकाळचा सगळ्यात ताजा क्रमांक होता ५०९३७. दिवसाला पंचवीसेक बदल होत. म्हणजे ५१२०८ क्रमांकाचा बदल व्हायला अजून दहा-अकरा दिवस होते.

काहीतरी तांत्रिक बिघाड, असं ताईंनी स्वतःला सांगितलं. पण रेकॉर्ड सेक्शनची सवय जाते कुठे? त्यांनी तो आकडा कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

२

दुपारी 'नवे बदल' पाहताना तेच पान पुन्हा समोर आलं. खारकोंड हे खाडीकाठचं गाव. गावाच्या बांधापासून चिखलातून पलीकडच्या जुन्या मिठागरांपर्यंत एक वाट जाते, तिला मधली वाट म्हणतात. शिवरामकाकांनी चार वर्षांपूर्वी हे पान लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'ओहोटी लागल्यावर सुमारे दोन तास ही वाट पायी ओलांडता येते.' खाली नव्वद वर्षांपूर्वीच्या एका सरकारी पुस्तकाचा संदर्भ, पान क्रमांकासकट.

ते वाक्य कुणीतरी काढून टाकलं होतं. काढणारीचं नाव पुतळा. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत तीनच शब्द होते : 'वाट नाय हाय.'

ताईंनी मान हलवली आणि वाक्य परत आणलं. छापील आधार असलेलं वाक्य आधार न देता काढायचं नाही, हा नियम आहे. बुधवारी वाक्य पुन्हा गेलं. ताईंनी पुन्हा आणलं आणि चर्चापानावर नम्रपणे लिहिलं, 'आपण कशाच्या आधारे हे काढत आहात? कृपया संदर्भ द्यावा.'

उत्तर आलं, 'मी पायाने बगलंय.'

'स्वतःचा अनुभव हा संदर्भ धरला जात नाही. छापील पुरावा हवा. आपली, उज्वला.'

त्यावर उत्तर आलं, 'छापनारा आला व्हता. पान्यात नाय उतरला.'

ताईंचे यजमान हौसेराव मागे उभे राहून वाचत होते. मार्केटात माथाडी टोळीचे मुकादम म्हणून त्यांनी जन्म घालवला होता. साताऱ्याहून येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोली काही सुटली नव्हती.

"बरोबर हाय की तिचं," ते म्हणाले.

"अहो, नियम असतो."

"असंल. पर तू कवा गेलीयास का खारकोंडला? हितं काचंत बसून उंटावरून शेळ्या हाकतीस."

ताई फणकारल्या. हौसेराव खोकल्यासारखं हसत टीव्हीकडे गेले.

गुरुवारी ताईंनी तिसऱ्यांदा वाक्य परत आणलं. 'जतन करा' दाबलं, पान नव्याने उघडलं, तर वाक्य नव्हतं. इतक्या पटकन? त्यांनी पानाचा इतिहास उघडला. त्यात कुणी काय कधी बदललं याची वेळ मिनिटागणिक असते. ताईंनी वाक्य परत आणल्याची वेळ होती अकरा वाजून बारा मिनिटं. पुतळाने ते काढल्याची वेळ अकरा वाजून अकरा मिनिटं.

जे अजून परत आलंच नव्हतं ते हिने आधीच कसं काढलं?

सर्व्हरचं घड्याळ पुढेमागे झालं असेल. होतं असं. ताई चष्मा पुसत असताना मागच्या बोळात आवाज आला. चपक्. ओल्या चिखलातून पाय उपसावा तसा. थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा, चपक्.

त्या उठून पाहून आल्या. बोळात कुणी नव्हतं. वॉशिंग मशीनची नळी गळत असणार. खाडीचा खारट, कुजका वास मात्र घरात भरला होता. पण वारा फिरला की कोपरखैरण्यात तो येतोच, त्यात नवल काय? ताईंनी काचा लावून घेतल्या. वास गेला नाही.

३

पुढच्या सोमवारपर्यंत हा खेळ चालला. ताईंनी वाक्य आणायचं आणि ते आधीच गेलेलं असायचं. प्रत्येक वेळी एका मिनिटाने आधी, आणि प्रत्येक वेळी बोळात तो आवाज. नळी बदलून झाली. प्लंबरने वरच्या मजल्याची मोरी तपासली. ती कोरडी होती.

शेवटी ताईंनी खारकोंडच्या धर्मराज भोईरांना फोन लावला. भोईर मूळ गावचे. जमिनी गेल्या, मग त्यांनी चाळी बांधल्या, आता भाड्यावर निवांत होते आणि अधूनमधून कोशाला गावचे जुने फोटो पुरवत.

"धर्मराजभाऊ, मधल्या वाटेबद्दल विचारायचं होतं. ओहोटीला चालत जाता येतं ना?"

भोईरांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कवाची जुनी गोस्ट काडली ताय? माज्या बापाच्या टायमाला जायाचे लोक. मग खाडीत भराव पडलं, पानी फिरलं, सगला चिखल पोकल झाला. वरून कलत नाय. आता कोन नाय जात."

"हे कुठे छापून आलंय का?"

भोईर हसले. "छापाला कशाला पायजे? वाटेच्या तोंडाला आमच्या बाया तिवराची काठी रोवतात, तिला हिरवी बांगडी घालतात. बांगडीच्या पुडं पाय नाय टाकायचा. गावातल्या पोरासोरांना पन ठावं हाय."

तिवर म्हणजे खाडीतलं खारं झाड, हे ताईंना माहीत होतं. बांगडीचं मात्र त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांनी ते कागदावर टिपलं आणि पुढे कंसात 'संदर्भ नाही' असंही लिहिलं.

"आणि भाऊ, तुमच्या गावात पुतळा नावाचं कुणी आहे का? कोशात लिहिणारं?"

"पुतळा नाव आमच्यात घरोघरी, ताय. माज्या आत्याचा पन तोच नाव."

"त्या लिहितात का कॉम्प्युटरवर?"

"आत्या?" भोईरांचा आवाज बदलला. "आत्याला अक्षर येत नव्हता."

'नव्हता' हा शब्द ताईंच्या कानात राहिला. त्या म्हणाल्या, "त्या आता कुठे असतात?"

"कुटं म्हनजे? हाय तितंच हाय," भोईर म्हणाले आणि भाडेकरू आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ताईंनी ते टिपण पुन्हा वाचलं. भोईर खोटं बोलणारे नव्हते. पण उद्या दुसरा कुणी उठेल, 'मला माझ्या काकाने सांगितलं' म्हणेल, आणि कोशाचा चावडीवरचा गप्पांचा फड होईल. शिवरामकाकांनी विश्वासाने चाव्या दिल्या होत्या. काका भेटले नसते तर आपण अजून भिंतीकडे तोंड करून पडलो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाच्या कोशाला आपल्या हातून बट्टा लागता कामा नये.

त्यांनी पुतळावर पंधरा दिवसांची बंदी घातली. वाक्य परत आणलं. पानाला कुलूप लावलं, प्रचालकांखेरीज कुणालाही बदल करता येणार नाही असं.

या वेळी वाक्य जागेवर राहिलं. बोळातला आवाजही थांबला. चार दिवस घरात इतकी शांतता होती की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर गॅलरीत ऐकू यायची. ताईंना बरं वाटायला हवं होतं. पण रोज सकाळी खुर्चीत बसलं की मानेमागे ओलसर गारवा जाणवायचा, आपल्या खांद्यावरून कुणीतरी वाचतंय असा. त्यांनी खुर्चीची पाठ भिंतीकडे फिरवून पाहिली. मग काचांवर उजेड पडून पडद्यावरची अक्षरं दिसेनात, म्हणून पुन्हा होती तशीच ठेवली.

४

शनिवारी सकाळी नऊ पंचविसाला सुनयनाचा फोन आला. सुनयना ही त्यांची एकुलती एक मुलगी, नेरूळच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. मागून मुलींचा किलबिलाट ऐकू येत होता.

"आई, ओळख कुठे आहे मी! नववीच्या चौदा पोरी घेऊन आलेय फ्लेमिंगो दाखवायला. समोर सगळं गुलाबी झालंय बघ. ओहोटी लागलीय, आता मधल्या वाटेने चालत मिठागरापर्यंत जाणार आम्ही. तुझ्याच कोशात वाचलं मी."

"खारकोंडला?" ताई खुर्चीतून उठल्या.

"हो. नक्की जाता येतं ना गं? तू तिथली मोठी बॉस, म्हणून विचारते."

इथे उज्वलाताईंची तीस वर्षांची सवय बोलली. त्या स्वतः बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"छापील आधार आहे त्याला. पान मी स्वतः लॉक केलंय."

"झालं तर मग! उतरायच्या आधी पोरींना तुझं पान वाचून दाखवते. माझ्या आईने सांभाळलेलं पान म्हणून सांगते. अगं, आणि इथे बांधावर काय मस्त आहे, काठ्या रोवल्यात आणि त्यांना हिरव्या बांगड्या अडकवल्यात, पोरी फोटो काढतायत. चल, फोन सायलेंटवर टाकते, पोरींना नियम लावलाय तर मलाही पाळायला हवा. ठेवते."

फोन बंद झाला. ताई उभ्याच होत्या. टेबलावर त्यांच्याच अक्षरातलं टिपण पडलं होतं. बांगडीच्या पुढे पाय टाकायचा नाही. संदर्भ नाही.

त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. 'उतरू नका', 'वाट नाही', 'सुनू फोन उचल', असे एकामागून एक मेसेज त्यांनी पाठवले. कुणी ते वाचले नाहीत. भोईरांचा फोनही नुसता वाजत राहिला. तोवर हौसेराव चप्पल घालून दारात पोचले होते. फोनवरचं 'खारकोंड' त्यांनी ऐकलं होतं आणि बायकोचा चेहरा पाहिला होता.

"रिक्षानं जातो. तू फोन करत ऱ्हा," ते म्हणाले.

दार आपटलं आणि घरात ताई एकट्या उरल्या.

५

विसाव्यांदा रिंग वाजून थांबली तेव्हा बोळात आवाज आला. चपक्.

मग दुसरा. मग तिसरा. या वेळी आवाजाला घाई होती. कुणीतरी जड पाय उपसत, चिखलातून जिवाच्या आकांताने चालत यावं तसा तो स्वयंपाकघराकडून बोळात आला आणि गॅलरीच्या दाराशी थांबला. वास इतका दाट झाला की ताईंना जिभेवर मीठ लागलं.

मन म्हणत होतं, नळी. मन म्हणत होतं, वरची मोरी. पण त्यांचे पाय आपोआप वळले आणि त्यांनी मागे पाहिलं.

बोळ रिकामा होता. फक्त टोकाला, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वळणावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर एका लुगड्याचा काठ दिसला. ओला, काळ्या चिखलाने जड झालेला. तो एवढाच दिसला आणि वळणाआड गेला. कुणी हाक मारल्यावर बाई जशी लगबगीने आत जाते, तसा.

उज्वलाताईंची पाचावर धारण बसली. आणि त्या भीतीच्या तळाशी एक अगदी वेगळी गोष्ट त्यांना कळली, स्वच्छ, उन्हात वाचल्यासारखी. ही बाई अकरा दिवस आपल्या दारात उभी होती, आणि आपण तिला कागद मागत होतो.

त्या खुर्चीत बसल्या. फोनला उत्तर मिळणार नव्हतं. पण सुनयना उतरायच्या आधी पान वाचणार होती. तेवढी एकच दोरी हातात होती. त्यांनी पानाचं कुलूप काढलं. 'दोन तास पायी ओलांडता येते' हे वाक्य त्यांनी पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'ही वाट नाही. बांगडीच्या पुढे पाय टाकू नका. पुतळाबाईंनी पायाने पाहिलं आहे.'

कोशाने नेहमीप्रमाणे विचारलं, 'संदर्भ?' दोन वर्षांत पहिल्यांदाच ताईंनी ती चौकट रिकामी सोडली आणि 'जतन करा' दाबलं.

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. उशीर झाला होता. चालणारी माणसं एव्हाना अर्ध्या वाटेत असणार. त्यांनी डोकं टेबलावर टेकलं आणि जे जे देव आठवले त्यांना हात जोडले. बोळात आता काहीच वाजत नव्हतं. मानेमागे मात्र गारवा होता, अगदी जवळ, आणि या वेळी ताईंनी खुर्ची हलवली नाही.

"थांबा हो बाई. माझी पोर येईपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या.

६

दहा वाजून सदतीस मिनिटांनी फोन वाजला.

"आई, वीस मिस्ड कॉल! काय झालं? आम्ही ठीक आहोत, बांधावरच आहोत. पप्पापण आलेत रिक्षातून, घामाघूम होऊन."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते उज्वलाताईंना त्या क्षणी कळलं. त्या रडायला लागल्या आणि रडतच राहिल्या. सुनयना पलीकडून बोलत होती. "अगं, बरं झालं तू पान बदललंस. मी एका पोरीच्या फोनवर पान उघडून मोठ्याने वाचायला लागले आणि बघते तर लिहिलंय, वाट नाही, बांगडीच्या पुढे पाय टाकू नका. समोरच बांगड्या! माझ्या अंगावर काटाच आला. आम्ही तिथेच बसलो मग, पक्षी मोजत. माझा फोन तुझ्याशी बोलून पिशवीत टाकला होता तो आत्ता काढला. पण पुतळाबाई कोण गं?"

"किती वाजता वाचलंस?" ताईंनी विचारलं.

"तुझ्याशी बोलले आणि लगेच. थांब, त्या पोरीने पडद्याचा फोटो घेऊन मला पाठवलाय. हां. नऊ पस्तीस."

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. पानाच्या इतिहासात आज एकच बदल होता. त्यांचा स्वतःचा, नऊ अठ्ठावन्नचा. नऊ पस्तीसला त्या याच खोलीत रिंग वाजवत उभ्या होत्या आणि पान कुलुपात होतं. तरीही फोटो खोटा नव्हता. सुनयनाने तो पाठवला, त्यात ताईंचे शब्द होते, जसेच्या तसे. तेवीस मिनिटांनी त्या जे लिहिणार होत्या ते.

त्या बदलापुढे क्रमांक होता : ५१२०८.

त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

दुपारी हौसेराव घरी आले आणि पाणी न पिता सोफ्यावर बसले. चप्पल न काढताच म्हणाले, "तितल्या एका कोळ्याचा बांबू घेतला. माज्या डोक्याच्या वर हातभर. बांगडीच्या म्होरं दोन पावलांवर रोवला. उज्वला, हातातनं गेला गं. सगळा. आवाज बी न्हाई झाला." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग गॅलरीच्या दाराकडे बघत म्हणाले, "आन् ही फरशी कशानं वली झाली?"

ताईंनीही तेव्हाच पाहिलं. खुर्चीच्या मागे, भिंतीला लागून, दोन ओले पाय उमटले होते. बोटं टेबलाकडे. पाय छोटे होते, टाचेला भेगा पडलेले.

हौसेराव पोछा आणायला उठले. ताईंनी त्यांचा हात धरला.

"असू दे. आपले आपण वाळतील."

मग त्या खुर्चीत बसल्या. पुतळावरची बंदी उठवली, चर्चापानावर सगळ्यांसमोर माफी लिहिली. पुतळाचे सगळे बदल एकेक करून उघडले आणि प्रत्येकापुढचं 'आभार' दाबलं. कोश दर वेळी विचारत होता, 'आभार पाठवायचे? हे नंतर मागे घेता येणार नाहीत.' ताई दर वेळी 'हो' म्हणत होत्या, तोंडाने सुद्धा. त्या बाईने अकरा दिवस आधीच आपले आभार मानून ठेवले होते. आपण शेवटी ऐकू, असा तिचा आपल्यावर विश्वास होता. आपला मात्र तिच्या शब्दावर नव्हता. या विचाराने त्यांना परत रडू आलं. नऊ अठ्ठावन्नला आपण खुर्चीत बसलोच नसतो तर नऊ पस्तीसला पोरीने काय वाचलं असतं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यांनी तो तिथेच सोडून दिला.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर त्यांना राहवेना. घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत; त्यांच्या सासूबाईंनी तर कधीच जाऊ दिलं नव्हतं. पण कपाळ कुठे शोधायचं? त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, वरचं कुंकू चमच्याने सपाट केलं आणि करंडा खुर्चीमागे त्या पावलांपाशी ठेवला. शेजारी घरातल्या दोन हिरव्या बांगड्या ठेवल्या. हौसेराव बोळात उभे राहून पाहत होते. आज त्यांनी चेष्टा केली नाही.

सकाळी साडेसहाला चहा झाला. गुडघ्याचे व्यायाम विसरल्यासारखं ताईंनी केलं. दिवा लावून त्या गॅलरीत आल्या. फरशी कोरडी ठणठणीत होती, काचांतून ऊन आलं होतं आणि वास नव्हता. बांगडी एकच राहिली होती. करंड्यातल्या सपाट कुंकवात मधोमध एका बोटाचा खळगा होता, आणि त्या खळग्याच्या तळाचं कुंकू अजून ओलं होतं.